सत्कारात दिलेली गोधडी

मी मूळचा गडहिंग्लजकडचा. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. पुण्यात येऊन तीस वर्षं झाली आणि त्यातली बावीस मी एक छोटी संस्था चालवण्यात घालवली. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बाया गोधड्या शिवतात, त्यांची प्रदर्शनं भरवणं हे आमचं काम. काम चांगलं आहे, मनापासून केलंय. पण ते करता करता माझ्या हाताला एक वाईट सवय लागली, सत्काराची. पाहुणा दिसला की माझे हात शाल शोधायला लागतात. एकदा मीटर बघायला आलेल्या माणसालाही मी नारळ देऊन पाठवलं, असं माझी बायको सांगते. ती थोडं वाढवून सांगते, पण फार नाही.

मागच्या हिवाळ्यात पुण्यातल्या प्रदर्शनाला सीना आली. ती सामोआची. प्रशांत महासागरातली ही बेटं, आपल्याकडून जायचं तर न्यूझीलंड गाठून तिथून पुन्हा विमान धरायचं. पंचावन्न-छप्पन वर्षांची, अंगानं थोराड, आवाज मात्र एकदम मऊ. तिच्या गावातल्या बायका केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांपासून चटया विणतात आणि ती त्या मंडळाची प्रमुख. व्यासपीठावर तिचं नाव पुकारलं आणि लक्षात आलं की शाल आणायची राहिली. तीनशे माणसं समोर. मागच्या दोरीवर एक गोधडी टांगलेली होती, मधोमध पांढराशुभ्र चौकोन. गोधडीत पांढरं कापड सहसा कोणी लावत नाही, मळतं. म्हणूनच ती सगळ्यांत उठून दिसत होती. मी माईकवर म्हणालो, "शाल कशाला, आपली गोधडीच पांघरू या की!" टाळ्या पडल्या. आमच्या कार्यकर्त्या नंदाताई धावत आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "सर, ही नको." मी हात सोडवून घेतला आणि गोधडी सीनाच्या खांद्यावर घातली.

ती गोधडी दौंड तालुक्यातल्या राहू गावच्या पारूबाईंची होती. पांढरा चौकोन म्हणजे त्यांच्या मुलीच्या, मिनाच्या, नर्सिंगच्या गणवेशाचं कापड. मिना दुसऱ्या वर्षाला असताना तापानं गेली. एकुलती एक. गोधडी फक्त दाखवायला म्हणून नंदाताईंनी शब्द देऊन आणली होती आणि शेजारी पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलंही होतं, 'विकण्यासाठी नाही, परत द्यायची आहे'. तो पुठ्ठा मी नंतर वाचला.

नंतर काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय हा प्रवास कळायचा नाही. सीनाला पत्र लिहून गोधडी परत मागवतो, असा निरोप मी राहूला पाठवला. मसुदा तीनदा लिहिला आणि तीनदा तसाच ठेवला. सत्कारात दिलेली वस्तू परत कशी मागायची? पारूबाईंना भरपाई म्हणून एक चांगलं लाल ब्लँकेट पाठवून दिलं. बैठकीत विषय निघाला तेव्हा इतिवृत्तात लिहिलं गेलं की कार्यकर्त्या नंदाताई यांच्या दुर्लक्षामुळे गोधडी अनवधानाने दिली गेली. लिहिलं गेलं म्हणजे मी लिहिलं, आणि त्याची प्रत राहूलाही धाडली. नंदाताईंकडून खुलासा मागवला. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या आणि काम सोडलं.

असे तीन महिने गेले. मग सीनाचंच पत्र आलं. तिची आई वारली होती. शेवटच्या आजारात आईला ती गोधडी पांघरली होती आणि आईसोबतच तिला मातीत ठेवलं होतं. त्यांच्याकडे सगळ्यांत मोलाची चटई अशीच देतात. आता जिनं ती शिवली तिला भेटून आभार मानायचे आहेत, येऊ का? मी लिहिलं, जरूर या. दुसरं काय लिहिणार? यंदाच्या हिवाळ्यात ती आली.

शिरूर

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. सीनाला मी त्या नावाचा अर्थ सांगितला, तर तिनं नदीत घोडे उतरतात का, असं विचारलं. पुलावर गाडी थांबवून दाखवलं, नदीत नुसती जलपर्णी. ती तरीही बराच वेळ कठड्याला टेकून पाणी बघत राहिली. बेटावरच्या माणसाला पाणी कुठलंही चालत असावं.

दुपारी बाजारातल्या एका खानावळीत जेवलो. बाजरीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. ठेचा तिनं चमच्यानं खाल्ला. मी अडवायच्या आत खाल्ला. खानावळीच्या मालकीणबाई आतून गुळाचा खडा घेऊन पळत आल्या आणि मलाच बोलल्या, "पाव्हण्या बाईला सांगायचं न्हाई व्हय वो आधी?" सीनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी ती हसत होती. तिच्याकडे सगळं नारळाच्या दुधात शिजतं, म्हणाली. गडहिंग्लजचा माणूस असून मलाही तो ठेचा झोंबला होता, पण ते मी बोललो नाही.

मार्केट यार्डामागच्या एका सभागृहात वीसेक बायका जमल्या होत्या. मी यावेळी तीन शाली सोबत घेतल्या होत्या, चूक नको म्हणून. सीना आत आली आणि बसलेल्या बायकांसमोरून जाताना कमरेत वाकली, एक हात खाली जमिनीकडे धरला आणि हळूच म्हणाली, "तुलो, तुलो." पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी शेजारणीला विचारलं, "कंबर धरली का गं बाईची?" मी सीनाला विचारून मग सगळ्यांना सांगितलं. बसलेल्या माणसासमोरून ताठ चालत जायचं नाही, वाकून माफ करा म्हणत जायचं, अशी तिथली रीत आहे. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्यासमोरून असं वाकून आजवर कोणी गेलं नसेल.

मग मी तिला माईकपाशी नेलं. ती बोलेना. म्हणाली, त्या बसल्यात आणि मी उभी राहून कशी बोलू? खाली सतरंजीवर मांडी घालून बसली, पाय साडीवाल्या बाईसारखे झाकून घेतले आणि मगच तोंड उघडलं. मी मात्र भाषांतर करायला उभाच होतो. वीस बायका आणि ती खाली, मी एकटा वर. थोड्या वेळानं मलाच कसंतरी वाटायला लागलं, पण दुखऱ्या गुडघ्यांचं निमित्त होतं.

तिनं सांगितलं, त्यांच्याकडे ज्याला पुढे घराण्याचा प्रमुख व्हायचं असतं त्यानं आधी वर्षानुवर्षं वडीलधाऱ्यांना वाढायचं, त्यांची ताटं उचलायची, सगळे जेवल्यावर आपण जेवायचं. त्याला ते तौतुआ म्हणतात. मी भाषांतर केलं, सेवा. मागून एकजण पटकन म्हणाली, "आरं देवा, मंग आमी समद्या कवाच म्होरक्या व्हायला पायजे हुतो." सभागृह हसून हसून लोळलं. सीनाला सांगितल्यावर तीही हसली आणि मग गंभीरपणे म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं."

शाल-नारळाची वेळ आली. नारळ हातात घेऊन तिनं तो कानाशी हलवून पाहिला, पाणी आहे का म्हणून. शाल मी अर्धी उलगडली आणि थांबलो. तिनं विचारलं, "ही कोणाची?" प्रश्न साधा होता. ही विकत आणलेली आहे, असं कसंबसं सांगितलं आणि उरकलं.

ऊन उतरल्यावर आम्ही नदीच्या घाटावर गेलो आणि तिथं मी तिला सगळं सांगितलं. पांढरा चौकोन, पुठ्ठा, तीन महिने, लाल ब्लँकेट, खुलासा. संपल्यावर तिनं पहिला प्रश्न असा विचारला, "त्या बाईंच्या घरी तुमच्यातलं कोण गेलं?"

"कोणी नाही. ब्लँकेट पाठवलं."

"संस्थेचा प्रमुख कोण?"

"मी."

"मग नंदा का गेली कामावरून?"

तेव्हा तिनं मला इफोंगा सांगितलं. घराण्यातल्या कोणाच्या हातून फार मोठा अपराध घडला की अपराध करणाऱ्याला पुढे ढकलत नाहीत. घराण्याचा प्रमुख स्वतः जातो, ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारासमोर जमिनीवर बसतो, डोक्यावरून मोलाची चटई ओढून घेतो आणि मान खाली घालून गप्प राहतो. घरातलं कोणी येऊन चटई उचलेपर्यंत तसंच बसायचं. उचलतील याचा भरवसा नाही. पूर्वी तर रागावलेली माणसं त्याच जागी जीव घेऊ शकत. "तुमच्याकडे उलटं दिसतंय," ती म्हणाली. "सगळ्यांत लहान माणूस पुढे आणि प्रमुख मागे."

मला राग आला. खरं सांगतो, भयंकर राग आला. बेटावर बसून हे बोलायला काय जातं, असं वाटलं. इथं निधी देणारे असतात, बैठका असतात, कागद असतात. मी म्हणालो, "एका गोधडीसाठी तुमच्याकडेही कोणी चटई पांघरून बसत नसेल." ती म्हणाली, "नाही बसत. पण ही एक गोधडी आहे की आणखी काही, ते मी कसं ठरवू? मी त्यांच्या मुलीला माझ्या आईबरोबर पुरलं आहे." आणि मग ती रडली. आभार मानायला एवढ्या लांब आलेली बाई, आणि मी तिलाही अपराधी करून ठेवलं होतं.

कासुर्डी

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी तिनं घरी फोन केला होता. तिचा भाऊ आता घराण्याचा प्रमुख. तो म्हणाला होता, त्या आईनं मागितली तर आपण कबर उघडू. हे तिनं मला न्हावऱ्याच्या पुढे, उसाच्या बैलगाड्यांमागे आमची गाडी अडकली असताना सांगितलं. मी गाडीच बंद केली. पुढच्या गाडीवर ऊसतोडीची एक बाई वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, ढिगावर निवांत झोपली होती आणि मागून येणारे सगळे आम्हाला हॉर्न देत होते.

माझ्या डोक्यात वेगळाच बेत होता. नंदाताई कासुर्डीच्या. राहूला जाण्याआधी त्यांना बरोबर घ्यावं, त्या पारूबाईंच्या नात्यातल्या, त्यांनी सुरुवात करून दिली तर सोपं जाईल. चौफुल्यावरून हमरस्ता धरून आम्ही त्यांच्या घरी पोचलो. रस्त्यालगत दोन खोल्या, पुढे पायरी, बाहेर कुंडीत तुळस नाही, कढीपत्ता. नंदाताई आता खोक्यांच्या एका कंपनीत पॅकिंगला जातात, दुसऱ्या पाळीला. चाळिशीच्या, बारीक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. माझ्यासाठी खुर्ची आणली, चहा दिला. सीनाशी त्या कंपनीतल्या यूपीच्या बायकांकडून शिकलेल्या हिंदीत आणि थोड्या इंग्रजीत बोलत होत्या. सीनाला हिंदी येत नाही, तरी दोघींचं बरं चाललं होतं.

मी विषय काढला. "नंदाताई, तुम्ही बरोबर आलात तर बरं होईल. तुम्ही आधी बोला, मग मी..."

त्यांनी कप खाली ठेवला. "सर, पुन्हा मलाच पुढं घालताय व्हय?"

मी कपातला उरलेला चहा संपवला.

"पारूमावशीचं आन् माझं बोलणं बंद हाय. वर्स झालं. माझ्या लेकीच्या बारशाला सोन्यासारखी दुपटी शिवली त्या बाईनं. आता यष्टी स्टँडवर दिसली तरी तोंड फिरवती. मी सांगितलं तिला, मी सरांचा हात धरला हुता म्हणून. ती म्हणली, कागदावर तर तुझंच नाव हाय."

सीनानं विचारलं, काय म्हणाल्या? मी भाषांतर केलं. त्या वाक्याचं इंग्रजी करायला मला चार मिनिटं लागली असतील. नंदाताई तोवर कप विसळत होत्या. निघताना मी म्हणालो, "नंदाताई, झालं ते..." आणि पुढचं सापडेना. त्यांनी दार लोटून घेतलं नाही, एवढंच.

राहू

राहूला आमचे एक जुने स्नेही आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. भीमेच्या पाण्यावर पोसलेला ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ, सोसायटीत वजन. मी राहूला आलो की त्यांच्याच मळ्यात उतरतो. त्या दिवशी त्यांनी हुरड्याची आगटी पेटवली होती. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात ज्वारीची कोवळी कणसं. सीनानं खड्ड्याशी उकिडवं बसून हात शेकले. त्यांच्याकडेही जमिनीवरच तापलेल्या दगडांत सगळं भाजतात, म्हणाली. हुरडा आणि कोवळा गूळ तिनं ओंजळीनं खाल्ला. दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर जरा कळा आली.

कुठं निघालो ते कळल्यावर आबा म्हणाले, "त्या वस्तीत कशाला जाताय? हितंच बोलवून घेऊ की पारूबाईला. माणूस धाडतो. खुर्च्या हायत, सावली हाय."

खोटं बोलत नाही, मला सुटल्यासारखं झालं. इथं आबा असतील, चार माणसं असतील, हुरडा असेल. बोलणं हलक्यानं निघेल. मी सीनाकडे वळून सांगितलं की त्यांना इथं बोलावता येईल. तिनं हातातला हुरडा परत सुपात ठेवला. "ज्याचं नुकसान झालं त्यानं चालत यायचं?" बावीस वर्षांत मी राहूला दहा-बारा वेळा तरी आलो असेन. बौद्ध वस्तीतल्या बायांनी शिवलेल्या गोधड्या माझ्या प्रदर्शनात टांगल्या, पण त्या वस्तीत माझा पाय एकदाही पडला नव्हता. बैठक नेहमी देवळाच्या मंडपात नाहीतर इथं मळ्यात. का, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. आबांना म्हणालो, "नको आबा, आम्हीच जातो." आबा म्हणाले, "तुमची मर्जी," आणि आगटीत गोवरी सारली.

पारूबाईंचं घर विहाराच्या मागच्या बोळात. स्वच्छ सारवलेलं अंगण, दाराशी बांधलेली एक शेळी. शेळीच्या पाठीवर आमच्या संस्थेचं लाल ब्लँकेट होतं, पोटाखाली सुतळीनं नीट बांधलेलं. पारूबाई उंबऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सत्तरीच्या, हातावर जुनं गोंदण, मागे भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आणि त्यांच्याखाली पांढऱ्या गणवेशातल्या एका मुलीचा फोटो. मी म्हणालो, "जयभीम मावशी." त्या म्हणाल्या, "जयभीम," आणि शेंगा सोलत राहिल्या.

तेवढ्यात सीना माझ्या मागून पुढे आली. दारापासून चार पावलांवर जमिनीवर बसली, पिशवीतून आभाराची भेट म्हणून आणलेली एक मोलाची चटई काढली, डोक्यावरून ओढून घेतली आणि मान खाली घातली. चटई कापडासारखी मऊ, कडेला लाल पिसं.

"अगं बया!" पारूबाई शेंगांचं सूप बाजूला टाकून उठल्या. "चक्कर आली का बाईला? थांबा, पानी आनते."

"नाही मावशी, चक्कर नाही. त्यांच्याकडे पद्धत आहे. माफी मागतायत त्या."

"कशाची?"

"तुमची गोधडी..."

"तिनं काय केलं? तिला तर तुम्ही दिली. स्टेजवर दिली, टाळ्या वाजल्या. समदं कळलंय मला." त्यांनी चटईखालच्या सीनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग ती का बसलीय, आन् तुम्ही का उभं?"

बोळाच्या तोंडाशी पाच-सहा माणसं जमली होती. एकानं मोबाईल काढला होता. मी गुडघ्यांचं सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. मग मी बसलो. अंगणात, सीनाच्या शेजारी, पण पांघरायला काही नाही. खालून पारूबाई फार उंच दिसत होत्या.

"मावशी, चूक झाली," मी म्हणालो.

"झाली? आपोआप झाली व्हय? सकाळ झाली, दुपार झाली, तशी?"

आयुष्यभर मी हे दोन शब्द वापरत आलोय. पत्रांत, भाषणांत, बायकोशी. त्यात माणूसच नाही, हे कधी दिसलं नव्हतं.

"मी केली," मी म्हणालो. "मी गोधडी उचलली आणि मी दिली. नंदाताईंनी माझा हात धरला होता, नको म्हणाल्या होत्या. मी ऐकलं नाही. नंतर परत मागवायला तीन महिने होते. पत्र पाठवायची मला लाज वाटली, म्हणून पाठवलं नाही. आणि कागदावर नंदाताईंचं नाव मी लिहिलं."

पारूबाईंनी मागे वळून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. शेळी तेवढी हलत होती. मग अगदी हळू म्हणाल्या, "हात धरला हुता तिनं?"

"हो."

"मला म्हणली हुती ती. मला वाटलं, सोत्ताला वाचवायला सांगतीय." त्यांनी पदर तोंडाला लावला. मग पुढे होऊन सीनाच्या डोक्यावरची चटई दोन्ही हातांनी उचलली, नीट घडी घातली, तिला दंडाला धरून उठवलं आणि घरात घेऊन गेल्या. मला उठा म्हणाल्या नाहीत. मी बसून राहिलो.

आता अडचण अशी झाली की त्या दोघी आत आणि त्यांच्यामध्ये बोलणारा मी एकटा, बाहेर अंगणात. त्यामुळे पुढचं सगळं बोलणं मी बसल्या जागेवरून, मोठ्या आवाजात, दाराकडे तोंड करून इकडचं तिकडे केलं. वस्तीनं सगळं ऐकलं. माझ्या व्यासपीठावरच्या कुठल्याही भाषणाला इतकी शांतता मिळाली नव्हती.

सीनानं आईचं सांगितलं. फुप्फुसांत पाणी झालं होतं. देश उष्ण, तरी म्हातारीला सारखी थंडी वाजायची. कबर घराच्या पुढेच आहे, पायरीपासून दहा पावलांवर. तिथं तशीच रीत आहे. मुलं वर बसून खेळतात, संध्याकाळी घरातले तिथंच गप्पा मारतात. मग ती म्हणाली, "माझा भाऊ तयार आहे. तुम्ही सांगितलंत तर आम्ही कबर उघडू आणि जे उरलं असेल ते तुमच्या हातात आणून देऊ." हे मराठीत सांगताना मी अडखळलो. आतून पारूबाई ओरडल्या, "मोठ्यानं बोला, आयकू येईना!" मी पुन्हा सांगितलं.

"न्हाई न्हाई," त्यांचा आवाज आला. "झोपल्याल्या माणसाच्या अंगावरनं पांघरून वढत्यात व्हय कुठं?" आणि थोड्या वेळानं, "मिनाची राख आमी भीमंत सोडली. जागा अशी न्हाई ऱ्हायली. इचारा तिला, किती दिस आजारी हुती म्हातारी?"

"एकोणीस दिवस."

"आन् गोधडी?"

"एकोणीस दिवस अंगावर होती. मधल्या पांढऱ्या कापडावर हात ठेवूनच झोपायची, म्हणतात."

आत काहीतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. पारूबाई बोलल्या तेव्हा त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, सीनाशीही नव्हत्या. "म्हंजी पोरीनं ड्यूटी केली. एक तरी पेशंट शेवटपतूर सांभाळला माझ्या मिनानं."

सीनानं आतून विचारलं, काय म्हणाल्या त्या? मला सांगता येईना. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा वाक्य अर्ध्यात सोडलं. ती उठून दारात आली, माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा मी ते कसंबसं इंग्रजीत सांगितलं. ती आत गेली. मग आतून नुसतं रडणं ऐकू आलं, आणि ते दोघींपैकी कोणाचं, कळत नव्हतं.

पारूबाई बाहेर आल्या त्या चहाचा कप घेऊन. माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. मी प्यालो. मी कप खाली ठेवेपर्यंत त्या उभ्या राहिल्या.

"उठा सायेब," त्या म्हणाल्या. "हितं बसून काय उपेग न्हाई. तुमचं बसायचं ठिकाण कासुर्डीला हाय. ही बाई ऱ्हाती माझ्यापाशी, तिला बाजरीची भाकर शिकवते. तुम्ही जावा."

पुन्हा कासुर्डी

नंदाताईंच्या दाराला कडी होती. त्या शेजारी गेल्या असतील म्हणून मी पायरीखाली जमिनीवर बसलो. रस्त्यावरून ट्रक जात होते, प्रत्येकाचा धुरळा अंगावर येत होता. मोबाईल गाडीतच ठेवला होता. तासाभरानं त्या शेजारच्या घरातून आल्या, कामावर निघालेल्या, अंगावर कंपनीचा निळा कोट, खांद्याला डब्याची पिशवी. मला बघून रस्त्यातच थांबल्या.

"सर? असं खाली का बसलाय? खुर्ची..."

"खुर्ची नको. नंदाताई, पारूबाईंना खरं सांगून आलोय. तुम्ही हात धरला होता, तेही सांगितलं. कागदावर तुमचं नाव मी घातलं. मुद्दाम घातलं."

त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मावशी काय म्हणली?"

"रडल्या. तुमच्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून."

नंदाताई दुसरीकडे बघायला लागल्या. हमरस्त्याच्या वळणावर कंपनीची पिवळी बस दिसली. त्यांनी पदरानं डोळे पुसले, कोटाचं वरचं बटण लावलं.

"किती वेळ बसणार?"

"तुम्ही उठा म्हणेपर्यंत."

"मग बसा," त्या म्हणाल्या. "माझी बस आली." आणि माझ्यासमोरून ताठ चालत गेल्या.

मी बसलो.